लाकडी रोलर कोस्टर मोठा झाला की का बिघडतो, आणि पुढे त्याचं काय होणार?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतले पन्नास मीटरच्या आसपासचे अवाढव्य लाकडी रोलर कोस्टर एकेक करून पाडले जातायत, किंवा त्यांच्या लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ चढवले जातायत. असं का? त्या खडखडाटात लोकांना एवढं आवडतं तरी काय? आणि एवढा मोठा लाकडी कोस्टर यापुढे कुणी बांधेल का?

आधी ‘लाकडी’ कशाला म्हणायचं ते ठरवू, निम्मे वाद तिथेच होतात. लाकडी असावा लागतो तो रूळ. सांगाडा कशाचाही असो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा १९२७चा सायक्लोन पोलादी सांगाड्यावर उभा आहे, तरी तो लाकडी, कारण गाडी धावते ती फळ्यांच्या थरांवरून. उलट ओहायोत सीडर पॉइंट या मनोरंजन उद्यानातला स्टील व्हेन्जन्स लांबून नुसतं लाकडाचं जंगल दिसतो, पण त्याची चाकं पोलादी रुळावर फिरतात. म्हणून तो पोलादी, किंवा हल्ली म्हणतात तसा ‘हायब्रिड’.

लाकडी रूळ जवळून पाहिला तर ती एकावर एक ठोकलेल्या फळ्यांची चळत असते. सहसा आठ थर, प्रत्येक फळी साधारण ३८ मिलिमीटर जाडीची, म्हणजे सगळी मिळून फूटभर उंची. वरचे दोन थर खालच्यांपेक्षा रुंद असतात आणि आतल्या अंगाला ओठासारखे पुढे येतात. त्या ओठाच्या वर, कडेला आणि खाली पोलादी पट्ट्या बसवलेल्या असतात. वरच्या पट्टीवर वजन पेलणारं मुख्य चाक, कडेच्या पट्टीवर वळणात गाडी सांभाळणारं आडवं चाक, आणि ओठाच्या खालून जाणारं तिसरं चाक, जे गाडीला रूळ सोडून उडू देत नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तीच इथे चाकाऐवजी रस्त्याला चढवली आहे असं समजा. हे खालचं चाक जॉन मिलर यांच्या १९१९च्या पेटंटमधून आलं. त्याआधी गाडी केवळ स्वतःच्या वजनाने रुळावर टिकायची, त्यामुळे उंचवटे बेताचेच ठेवावे लागत. १९२०च्या दशकात अमेरिकेत कोस्टर एकदम रानटी झाले त्यामागे हे चाक आहे. चढावर ऐकू येणारी ती कट-कटही साखळीची नसते. गाडी मागे घसरू नये म्हणून डब्याखालचा खटका दातेरी पट्टीवर एकेक दात ओलांडत जातो, त्याचा तो आवाज.

आता मजा कशात आहे ते. खोपोलीला इमॅजिकात नायट्रोवर बसला असाल तर पोलादी कोस्टर कसा वागतो ते तुम्हाला माहीत आहे: चाकांनी नळी तिन्ही बाजूंनी घट्ट धरलेली, शरीराला जाणवतो तो फक्त वेग आणि वळण. लाकडी रुळावर खालचं चाक आणि पट्टी यांच्यात मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. उंचवट्यावरून जाताना गाडी त्या फटीएवढी खरोखर वर उचलली जाते, मग खालचं चाक खट्कन लागतं आणि तिला परत ओढतं. रूळ थोडा दबतो, सांगाडा थोडा झुलतो, सगळं मिळून खालून काहीतरी जिवंत पळतंय असं वाटतं. त्यात डोक्यावरून अगदी जवळून जाणाऱ्या तुळया, आणि खांबांच्या गर्दीत पुढचं वळण दिसतच नाही हे वेगळं.

पोटात गोळा येण्याचं गणित साधं आहे. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. या वेगाने ४० मीटर त्रिज्येच्या उंचवट्यावरून गाडी गेली की वजन जवळजवळ शून्य होतं. त्रिज्या ३० मीटर केली की तुम्ही आसनावरून उठता आणि मांडीवरची दांडी तुम्हाला खाली धरते. यासाठी उंची फारशी लागत नाही हे ध्यानात घ्या. पेनसिल्व्हेनियातल्या नोबेल्स उद्यानातला फीनिक्स फक्त २४ मीटर उंच आहे, वेगही ताशी ७२च्याच घरात. १९४७मध्ये टेक्सासात बांधलेला, १९८५मध्ये उकलून इथे आणून पुन्हा उभा केलेला. तरीही जाणकारांच्या मतदानात त्याने दुपटीने उंच कोस्टरना अनेकदा मागे टाकलंय.

मग उंचीच्या मागे का लागले? जाहिरातीसाठी. १९७२मध्ये सिनसिनाटीजवळच्या किंग्ज आयलंड उद्यानात जॉन अ‍ॅलन यांचा रेसर उभा राहिला, लाकडी कोस्टरना पुन्हा गिऱ्हाईक आहे हे उद्यानांना कळलं, आणि पुढची तीस वर्षं ‘सर्वात उंच’, ‘सर्वात वेगवान’ यांची शर्यत लागली. टेक्सास जायंट १९९०चा, मीन स्ट्रीक १९९१चा, रॅटलर १९९२चा. तिन्ही आज लाकडी राहिलेले नाहीत.

कारण समजायला उंची दुप्पट करून पाहा. २५ मीटर सरळ खाली आलेली गाडी, घर्षण सोडून दिलं तर, ताशी ८० किलोमीटरने तळाला पोचते. ५० मीटरवरून आलेली ११३ने. उतार संपून चढ सुरू होतो त्या तळाच्या खोबणीत प्रवाशाला साडेतीनपट वजन जाणवावं असं ठरवलं तर पहिलीला २० मीटर त्रिज्या पुरते, दुसरीला ४० लागते. इथवर ठीक, जास्त जागा आणि जास्त लाकूड दिलं की झालं. समजा भरलेली गाडी ८ टनांची आहे, तर दोन्हीकडे रुळावर २८ टनांचाच भार येतो. कागदावर दोन्ही सारखेच सुरक्षित दिसतात.

घोटाळा होतो तो कागदावर नसलेल्या खळग्यामुळे. फळ्यांच्या सांध्यावर दोन मिलिमीटरची खोलगट जागा तयार झाली, तर तिच्यावरून जाताना बसणारा हादरा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ११३चा वर्ग ८०च्या वर्गाच्या दुप्पट आहे, म्हणजे तोच खळगा मोठ्या कोस्टरवर दुप्पट जोराने ठोकतो. त्या ठोक्याने फळीचे तंतू चिरडतात, बोल्टचं भोक लांबट होतं, खळगा तीन मिलिमीटरचा होतो, पुढचा ठोका आणखी जोरात. दिवसाला शेकडो फेऱ्या. लहान कोस्टरवर जे दुखणं पाच-सहा हंगामांत वाढलं असतं ते मोठ्यावर दोन हंगामांत वाढतं.

लाकूड स्वतःही गप्प बसत नाही. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं आणि मार्चमध्ये तेच सैल होऊन खडखडतं, ते आपल्याला ठाऊक आहे. रुळाच्या आठही थरांचं तेच होतं, आणि सगळ्यांचं एकदम होत नाही. वरचा थर उन्हात वाळतो, खालचा ओला राहतो. आवळलेले बोल्ट लाकूड आकसल्यावर आपोआप ढिले पडतात. ओहायोसारख्या ठिकाणी भर म्हणून भेगांत शिरलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं आणि भेग रुंदावतं.

तिसरा गुन्हेगार गाडी. जुन्या पद्धतीच्या डब्यात तीन बाकं आणि पुढे-मागे दोन अक्ष असतात. लांब डबा वळणात रुळाच्या बाकाला नीट धरून जात नाही. पुढचं चाक बाहेरच्या कडेला घासतं, उसळून आत येतं, पुन्हा बाहेर जातं. प्रवाशांना ते डावी-उजवीकडे हिसके म्हणून जाणवतं आणि कडेची पट्टी लाकडातून सैल होते. ग्रेट कोस्टर्स इंटरनॅशनल या कोस्टर बांधणाऱ्या कंपनीच्या मिलेनियम फ्लायर गाड्यांत प्रत्येक डब्यात एकच बाक असतं, डबे एकमेकांवर गुंफलेले, त्यामुळे गाडी गोमेसारखी वळते. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्ममधला १९९८चा घोस्टरायडर फार कर्कश झाला होता. २०१६मध्ये त्याचा रूळ बदलला, या गाड्या दिल्या, मधला ब्रेक काढून टाकला, आणि तो पुन्हा नावाजला गेला. रुळावर खर्च करून जुनीच गाडी ठेवणं म्हणजे भिंतीला नवा गिलावा देऊन गळकं छप्पर तसंच ठेवणं.

उंचीपेक्षा जमीन महत्त्वाची, हे किंग्ज आयलंडमधल्याच एका जोडीवरून दिसतं. द बीस्ट १९७९चा, लांबी २,२४३ मीटर, आजही जगातला सर्वात लांब लाकडी कोस्टर. पहिला चढ जेमतेम साडेतेहतीस मीटर, पण उतार ४३ मीटरचा, कारण जमीनच घळीत उतरते. जवळजवळ संपूर्ण रूळ जंगलातल्या चढउतारांना चिकटून जातो, उंच खांब फारसे लागतच नाहीत, झुलायला फार काही उरत नाही. सन ऑफ बीस्ट २००० साली आला: ६६ मीटर उंच, वेग ताशी १२५च्या आसपास, मध्ये पोलादी लूप. २००६च्या जुलैमध्ये सांगाड्यातलं लाकूड मोडलं, रूळ खचला आणि २७ जण जखमी झाले. लूप काढला, हलक्या गाड्या आणल्या, तरी २००९मध्ये तो कायमचा बंद पडला आणि २०१२मध्ये पाडला. बाप मात्र धावतोय. २०२२च्या हंगामाआधी त्याचा सहाशे मीटरहून जास्त रूळ नव्याने घातला गेला आणि पहिला उतार ४५ अंशांवरून ५३ केला.

ब्रेक लावून वेळ मारून नेणं हा उद्यानांचा आवडता उपाय. मीन स्ट्रीकच्या पहिल्याच उतारावर ब्रेक बसवले होते. रुळाची झीज कमी होते हे खरं, पण उंचवटे ज्या वेगासाठी काढलेले असतात तो वेगच राहत नाही, गाडी त्यांच्यावरून रांगत जाते. म्हणजे हिसके उरले आणि तरंगणं गेलं. लोक येईनात तर नवल काय.

देखभालीचं काम बारकाईने सांगतो, कारण कोस्टर किती वर्षं जगणार ते तिथे ठरतं. रोज सकाळी उद्यान उघडायच्या आधी सुतार आणि मेकॅनिक संपूर्ण रूळ पायी चालतात. हातात हातोडा आणि पाना. ठोकलेल्या फळीचा आवाज बद्द आला तर आत कूज आहे. खिळ्याचं डोकं वर आलेलं, बोल्टच्या वॉशरभोवती ताजी चमक, पट्टीच्या सांध्यावर ओलावल्यासारखी काळी रेघ: या सगळ्यांचा अर्थ तिथे काहीतरी हलतंय. मग रिकाम्या गाडीच्या चाचणी फेऱ्या.

हिवाळ्यात उद्यान बंद असताना खरं रीट्रॅकिंग होतं, म्हणजे रूळ उकलून नवा घालणं. आधी गाडीत हादरे मोजणारं यंत्र ठेवून फेऱ्या मारतात आणि कुठे ठोके बसतात ते रुळावर रंगाने खुणावतात. पोलादी पट्ट्या क्रमांक टाकून उतरवतात. झिजल्या नसतील तर त्याच पुन्हा बसतात. मग फळ्या कापायच्या, पण एका रेषेत कधीच नाही. प्रत्येक थराचा कट खालच्यापेक्षा हातभर पुढे-मागे, म्हणजे जुन्या-नव्याचा सांधा पायरीसारखा होतो. एका रेषेत कापलं तर तिथे रूळ बिजागरीसारखा दुमडतो.

नवी फळी बहुधा दाबाखाली औषध मुरवलेल्या सदर्न यलो पाइनची. जिथे मार जास्त, तिथे वरच्या थरांना इपेसारखं दक्षिण अमेरिकेतलं कठीण लाकूडही वापरतात. वर-खाली वाकवायला फळी कुरकुरत नाही. आडव्या वळणात ती कडेवर वाकवावी लागते आणि तिथे शिकंजे, साखळी-कप्पी सगळं लागतं. खिळे ठोकून थर चढले की आतली कडा रंध्याने सरळ करतात, मापाची दांडी ठेवून दोन्ही रुळांमधलं अंतर आणि तिरकेपणा तपासतात, आरपार बोल्ट घालतात, पट्ट्या बसवतात. पाण्याने भरलेले बाहुले आसनांवर ठेवून फेऱ्या होतात. आणि मग विसरली जाणारी पायरी: पहिल्या काही शे फेऱ्यांनंतर नवं लाकूड दबतं, त्यामुळे सगळे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. हे राहिलं तर हंगामाच्या मध्यावर ‘नवीन रूळ असून इतका खडखडाट कसा?’ असं सगळे विचारत बसतात.

दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, फक्त खराब तुकडा बदलणं. नवा तुकडा ताठ असतो, त्याच्या पुढचा जुना रूळ मऊ. गाडी ताठावरून मऊवर उतरते तिथे नवा खळगा पडतो, म्हणजे दुखणं सात मीटर पुढे सरकलं इतकंच. बदल नेहमी खोबणीच्या आधीपासून पुढच्या उंचवट्याच्या चढापर्यंत न्यायचा. दुसरी, वरचे थर बदलून खाली आधार देणारी आडवी तुळई तशीच ठेवणं. सांगाड्याची चौकट दर अडीच-तीन मीटरवर असते. तिच्यावरची तुळई दबलेली असेल तर वर कितीही चांगलं काम करा, रूळ तिथे खालीच बसणार.

आता पर्याय. रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शनने २०११मध्ये टेक्सास जायंटचा लाकडी सांगाडा ठेवून त्यावर आय-बॉक्स नावाचा पोलादी रूळ चढवला आणि दुखण्याचं मूळच काढून टाकलं. त्यानंतर रॅटलर, कॅलिफोर्नियातला कोलोसस, जपानमध्ये नागाशिमाचा व्हाइट सायक्लोन, हॉलंडमध्ये रॉबिन हूड, सगळे त्याच वाटेने गेले. मीन स्ट्रीक ४९ मीटरचा होता, त्याचा स्टील व्हेन्जन्स २०१८मध्ये ६२ मीटरचा झाला: ९० अंशांचा उतार, चार वेळा उलटं होणं. कोस्टर म्हणून तो अफाट आहे, यात वाद नाही. पण तो लाकडी कोस्टरची दुरुस्ती नव्हे. जुन्या वाड्याचा दगडी जोता ठेवून वर टॉवर बांधावा तसला प्रकार आहे.

दुसरी वाट कारखान्यात तयार केलेल्या रुळाची. इन्टामिन या कंपनीच्या पद्धतीत थर एकमेकांना चिकटवून, यंत्राने अचूक कापून तुकडे आणतात आणि जागेवर जोडतात. चाकांना पॉलियुरेथेनचं आवरण. जर्मनीतला कोलोसोस, स्वीडनमधला बाल्डर, न्यू जर्सीतला एल तोरो आणि दक्षिण कोरियातला ५६ मीटरचा टी एक्सप्रेस असे आले. पहिली काही वर्षं ते लोण्यासारखे धावतात. अडचण अशी की चिकटवलेला तुकडा फळीफळीने दुरुस्त होत नाही, आख्खा बदलावा लागतो. कोलोसोस २०१६मध्ये थांबला तो थेट २०१९मध्ये नवा रूळ घेऊन सुरू झाला. एल तोरोवर २०२२च्या ऑगस्टमध्ये एका फेरीत १४ जण जखमी झाले आणि तो पुढच्या हंगामापर्यंत बंद राहिला. रूळ कारखान्यातून आला म्हणून आधारांची तपासणी टळत नाही.

तिसरी वाट मला सगळ्यात आशेची वाटते, तीच सगळ्यात कमी चमकदार. ग्रॅव्हिटी ग्रुप ही कंपनी फळ्या वळणाच्या आकारात आधीच कापून, भोकं पाडून पाठवते. फळी जबरदस्तीने वाकवलेली नसल्यामुळे ती सरळ व्हायला धडपडत नाही, आणि खराब झालेली एकच फळी बदलता येते. ग्रेट कोस्टर्सने टायटन ट्रॅक नावाचा पोलादी रूळ काढलाय, जो जुन्या रुळाच्या जागी, त्याच आधारांवर, फक्त मार बसणाऱ्या भागात घालता येतो. २०२३मध्ये कॅन्सस सिटीला उभा राहिलेला झांबेझी झिंगर अशाच मिश्र रुळाचा आहे. शुद्धतावादी नाक मुरडतात. मुरडू द्या. खोबणीतला वीस मीटर रूळ पोलादी करून बाकीचा हजार मीटर लाकडी वाचत असेल तर तो सौदा वाईट नाही. टेनेसीतल्या डॉलीवुडच्या लाइटनिंग रॉडचं उलट झालं. २०१६मध्ये तो लाकडी म्हणून आला, आणि पाच वर्षांच्या आत त्याच्या रुळाचा मोठा भाग आय-बॉक्सचा करावा लागला. इतक्या वेगाला लाकडाने साथ दिली नाही.

तेव्हा पन्नास मीटरचा, सपाट जमिनीवरचा, जागेवर ठोकलेल्या रुळाचा नवा कोस्टर कुणी बांधेल असं मला वाटत नाही. बांधू नये असंही वाटतं. वीस ते पस्तीस मीटरचे बांधले जातायत आणि जातील. किंग्ज आयलंडनेच सन ऑफ बीस्टनंतर जो लाकडी कोस्टर बांधला तो २०१७चा मिस्टिक टिंबर्स, ३३ मीटरचा, ताशी ८५चा, झाडीत खाली दबून धावणारा. मोठ्यांपैकी टिकतील ते जमिनीला धरून असलेले, आणि ज्यांची उद्यानं दर हिवाळ्यात न चुकता रुळावर पैसे घालतात ते. इंडियानातल्या हॉलिडे वर्ल्डचा २००६चा व्हॉयेज, ५० मीटरचा, याचं उत्तम उदाहरण: टेकड्यांवरून जाणारा, आणि दर हिवाळ्यात रुळावर काम होणारा.

न्यू जर्सी किंवा ओहायोत राहणाऱ्यांनी बसून पाहायचं असेल तर दोन गोष्टी. तीन बाकांचा डबा असेल तर मधलं बाक घ्या, पुढचं-मागचं थेट अक्षावर असतं आणि सगळे ठोके कण्याला लागतात. तरंगायचं असेल तर गाडीच्या शेवटाकडे बसा, उंचवट्यावरून तिथे जास्त ओढ बसते. आणि सकाळी नव्हे, संध्याकाळी. चाकांतलं ग्रीस दिवसभरात तापतं, गाडी जोरात पळते. चढावर कट-कट चालू असताना खाली रुळाकडे नजर टाका. जुन्या फळ्या राखाडी असतात. त्यांत मधूनमधून पिवळसर, कोऱ्या फळ्यांचे लांब पट्टे दिसले, तेही खोबणीच्या आधी सुरू होऊन पुढच्या चढावर संपणारे, तर निर्धास्त हात वर करा.